कृष्णविवराची दृष्ट

शेजारच्या घरात फोडणीत मिरची जळली की आमची सगळी बिल्डिंग खोकते आणि खिडक्या उघडते. मला खोकला येत नाही, लाज वाटते. पुण्यात इतकी वर्षं काढली, केस पांढरे झाले, इथं फ्लॅटमध्ये माझी एकटीची सत्ता आहे. पण मिरचीचा धूर नाकात गेला रे गेला की मी परत जालन्याकडच्या टेंभुर्णीला आमच्या अंगणात पाटावर बसलेली असते, पदर डोक्यावर, आणि माझी माय माझ्या तोंडावरून मूठ फिरवत असते. दृष्ट माझी काढत होती. आणि लागली कुणाची होती म्हणाल, तर इथून कैक कोटी प्रकाशवर्षं लांब असलेल्या एका दीर्घिकेतल्या कृष्णविवराची.

हसा. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही पोट धरून हसले असते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्यात संशोधन करत होते. आमचं घर शेतकऱ्याचं, पण माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रकाशाला सूर्यापासून इथवर यायला वेळ लागतो, आपण बघतो तो सूर्य मघाचा असतो, हे मला त्यांनी मी चौथीत असताना गोठ्यात शेण भरता भरता सांगितलं होतं. मी टोपलं खाली ठेवून सूर्याकडं बघायला लागले म्हणून एक धपाटाही दिला होता. तिथून जी मी आभाळाच्या मागं लागले ती लागलेच.

माझं काम सांगायला सोपं आहे. आपल्या आकाशगंगेसारख्या बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या पोटात मधोमध एक भलंमोठं कृष्णविवर असतं. पुष्कळ ठिकाणी ते उपाशी पडलेलं असतं. पण काही दीर्घिकांत त्याच्या तोंडाशी वायू आणि धूळ येत राहते, गरगर फिरते, तापते आणि आत पडते. आत पडलेलं परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळंच आत पडत नाही. काही माल अगदी काठावरूनच वर आणि खाली असा दोन्ही बाजूंनी बाहेर फेकला जातो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. ते झोत दीर्घिकेच्याही बाहेर लांबवर जातात. त्यातला एखादा झोत योगायोगानं आपल्याच दिशेला रोखलेला असला, तर ती दीर्घिका आपल्याला भलतीच प्रखर दिसते आणि तिचं तेज कधी वाढतं, कधी उतरतं. असली एक दीर्घिका माझ्या वाट्याला आली होती. तिला धड नावही नाही, नुसते आकडे. पुण्याच्या पलीकडं रानात उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्या तिच्याकडं वळवायच्या आणि तिच्या तेजाचा आलेख काढायचा, हा माझा धंदा.

घरात माझा दुसरा आलेख निघत होता, तो सारखा खालीच चालला होता. मला बघायला पाहुणे यायचे आणि जायचे. जालन्याचे आले, भोकरदनचे आले, एक तर पार परभणीहून आले. कुणाला मी सावळी वाटले, कुणाला उंच, कुणाला शिकलेली जास्त. एकानं मला विचारलं, 'एवढं शिकून शेवटी करणार काय?' मी म्हणाले, 'तुम्ही एवढं खाऊन शेवटी काय केलंत?' तोंडाची मी फटकळच. ते स्थळ चहा अर्धा टाकून उठलं. माय त्या रात्री माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी वरवर हसण्यावारी न्यायचे. पण प्रत्येक वेळी पाहुण्यांची जीप वळणावरून दिसेनाशी झाली की मी न्हाणीत जाऊन तोंड धुवायचे, आणि पाणी जरा जास्तच वेळ मारायचे. काय कमी आहे माझ्यात, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. सगळे सोबत बसून त्याचाच विचार करताहेत, हे मात्र मला कळायचं.

शेवटी ठरलं की थोरलीसाठी धाकटीला किती दिवस थांबवायचं? माझी धाकटी बहीण माझ्याहून गोरी, गोड गळ्याची आणि कुणालाही आपलंसं करणारी. पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या मामानं तिच्यासाठी तीर्थपुरीचं स्थळ आणलं. मोसंबीचा बाग, मुलगा शाळेत शिक्षक. बघायला आला तेव्हा त्यानं तिला एकच विचारलं, 'तुम्हाला काही विचारायचंय का मला?' असं आजवर आमच्या अंगणात कुणी विचारलं नव्हतं. तो गेल्यावर धाकटी मला म्हणाली, 'आक्का, तीर्थपुरीला अंबडवरूनच जावं लागतं का गं?' मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं. मी काय ते समजले.

त्या घरात मुलाच्या आत्याबाईचा शब्द चालायचा. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली बाई. भावाचा संसार, बाग, सालगडी, सगळं तिनं सांभाळलेलं. साखरपुड्याच्या आधी घर बघायला म्हणून ती टेंभुर्णीला आली, आणि नेमका तो दिवस निघाला सव्वीस जानेवारीचा. झेंडावंदन झाल्यावर शाळेत माझं भाषण ठेवलेलं होतं. आण्णांना तर काय, आभाळ ठेंगणं. त्यांनी आत्याबाईलाही आग्रहानं शाळेत नेलं आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं.

भाषण माझं झकास झालं, हेच दुखणं आहे. पोरांना कळावं म्हणून मी मळणीयंत्राचा दाखला दिला. म्हणाले, यंत्राच्या तोंडात कणसं घातली की आत काय होतं ते दिसत नाही. पण भुसकटाचा झोत बाहेर कसा उडतो? बाजूला उभं राहिलं तर काही वाटत नाही, पण समोर उभं राहिलं तर? पोरं ओरडली, 'डोळ्यात जातं!' मी म्हणाले, 'बरोबर. तर मी ज्या कृष्णविवराचा अभ्यास करते त्याचा झोत सरळ आपल्या तोंडावर आहे. आणि मी इतकी वर्षं त्याच्या डोळ्याला डोळा लावून बसलेय!'

मागची पोरं पुढं सरकली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्याबाईनं हात वर केला. 'बाई, येक इचारू का? तुमी त्येच्याकडं इतके साल बघून राह्यल्या. आन् त्येनं तुमच्याकडं बघितलं तर?'

सगळे हसले. मला वाटलं, बाई मजेशीर आहे. मीही माइक जवळ घेऊन ठणकावलं, 'आत्याबाई, तो बघतोच आहे की! त्याचं तोंड माझ्याकडं आहे म्हणून तर मला दिसला. नसतं बघितलं तर सापडलाच नसता.'

शास्त्राच्या दृष्टीनं यातलं अक्षरही चूक नव्हतं. टाळ्या पडल्या. आत्याबाई हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत चक्क काळजी होती. तुझ्या जिभेला हाड नाही, असं माय मला लहानपणापासून सांगत आली होती. पण भर टाळ्यांत मला ते कुठून आठवणार?

आठ-दहा दिवसांनी मी पुण्याहून साखरपुड्याच्या तयारीला म्हणून परत घरी आले, आणि मागोमाग मामा आले. आल्या आल्या पाणी मागितलं, पिऊन तांब्या हातातच धरून बसले.

'येक अडचण झाली,' मामा म्हणाले. 'आत्याबाईचं म्हणणं पडलं की तुमच्या थोरलीला त्या काळ्या विवराची दृष्ट लागलीय. भरल्या शाळेत तिनं सोताच्या तोंडानं सांगितलं म्हणे. म्हणून तर तिचं जमून न्हाई राह्यलं. आता ती करवली होणार, कऱ्हा धरून नवरीला खेटून उभी राहणार. हिची दृष्ट तिला लागली तर? तवा एक तर थोरलीनं लग्नाला येऊ नये, न्हाई तर आमच्यासमोर तिची दृष्ट काढा.'

मी आधी हसले. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'मामा, मी त्याच्याकडं बघतच नाही! दुर्बीण बघते. मी कागदावरची वाकडी रेघ बघते.'

'म्या बी तेच सांगितलं ना,' मामा म्हणाले. 'मागं तूच समजून सांगितल्तं मला बराबर. तर आत्याबाई म्हणल्या, मंग दृष्ट यंत्राला लागायची, पोरीचं लग्न का अडलं?'

 याला उत्तर द्यायचं तर माझं लग्न का अडलं हे मला सांगावं लागलं असतं.

आण्णा ताडकन उठले. 'सोयरीक मोडली म्हणून कळवा. मी विज्ञानाचा मास्तर आहे. माझ्या अंगणात हे चालणार न्हाई. बिलकुल न्हाई.' मायनं तोंडाला पदर लावला. आत धाकटी भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. ती उंबऱ्यात आली. म्हणाली, 'आक्का पाटावर बसणार न्हाई. मोडू द्या खुशाल.'

आवाज खणखणीत होता. पण हाताला पीठ तसंच होतं आणि ते ती बोटं चोळून चोळून काढत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला तरी तिला कळलं नाही.

आता काय करायचं, सांगा? माझ्या बुद्धीच्या मानापायी तिनं अंबडचा रस्ता विसरायचा? एक तर आधीच माझ्यापायी तिची वर्षं गेली होती. मी म्हणाले, 'बसते मी. माझं काय जातंय? चार मिरच्या जातील.'

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मी तरी नाही म्हणेन, अशी त्यांची आशा असावी. मग खाली बसले.

ठरल्या दिवशी सकाळीच आण्णा मोटर बघून येतो म्हणून शेताकडं निघाले. मायनं हळूच म्हटलं, 'लाइट न्हाई आज.' त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि गेले. थोड्या वेळानं तीर्थपुरीची जीप आली. आत्याबाई आणि नवऱ्या मुलाची चुलती, दोघी उतरल्या. चहा झाला. आत्याबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि त्यानं जास्तच संताप येत होता. वाईट असती तर भांडता आलं असतं.

अंगणात पाट मांडला. मी पूर्वेला तोंड करून बसले. समोरच्या ओट्यावर शेजारच्या चारदोन बायका, अमथ्या आल्यासारख्या येऊन टेकल्या. ज्या शाळेत माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या तिचे पत्रे मला तिथून दिसत होते. त्या पत्र्यांकडं पाठ करून बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

माय आतून मूठ बंद करून आली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. तिनं मूठ माझ्यावरून उतरवायला सुरुवात केली, नेहमीचं पुटपुटली, आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची, भुकेल्या डोळ्याची. आणि अडखळली. पुढं कुणाचं नाव घ्यायचं तिला कळेना.

'त्या काळ्याची म्हणा,' आत्याबाईनं सुचवलं.

'त्या...' माय म्हणाली, 'त्या आभाळातल्या काळ्याची.'

मी डोळे मिटून घेतले. माझे सर, माझ्या सोबतची पोरं, परिषदेत मला प्रश्न विचारणारे पाहुणे, सगळे समोरच्या ओट्यावर येऊन बसलेत असं वाटलं. मरणाची लाज म्हणतात ती हीच.

मायनं मूठ शेगडीतल्या निखाऱ्यांवर सोडली. आणि असा धूर उसळला म्हणता! चुलती खोकायला लागली, ओट्यावरच्या बायका पदर नाकाला लावून पळाल्या, आत्याबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी ठसक्यानं पाटावरून पडायची बाकी राहिले. धुरातून मला मायचं तोंड दिसलं. ते फुललं होतं. दृष्ट लागलेली असली की मिरच्या जळतात पण ठसका येत नाही, वासच येत नाही. ठसका आला म्हणजे दृष्ट नव्हतीच. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मायनं जाणून लवंगी मिरची घेतली होती, तीही भरपूर. लेकीच्या माथी लागलेलं ते काळं तिनं एका मुठीत पुसून टाकलं होतं.

आत्याबाईनं डोळे पुसले. 'दृष्ट न्हाई लागली,' ती म्हणाली. मग विचारात पडली. आणि कुणाला बोचावं म्हणून नाही, जे मनात आलं ते सरळ बोलून गेली. 'मंग... इतके पाहुणे आल्ते आन् गेले. दृष्ट न्हाई तर मंग कमी कशात हाय?'

चुलती खोकता खोकता थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग दारात उभ्या असलेल्या धाकटीकडं बघितलं. 'दोघी एका पोटच्याच ना,' ती हळू म्हणाली.

मायचं तोंड खर्रकन उतरलं. इथवरचा विचार तिनं केलाच नव्हता. कृष्णविवर निर्दोष सुटलं होतं, आणि आता दोष कुणाच्या तरी माथी बसणारच होता. माझ्यात खोट निघाली की माझ्या पाठची म्हणून धाकटीतही निघणार. दृष्ट काढता येते. खोट काढता येत नाही. धाकटी चौकट धरून उभी होती. या खेपेला ती मोडू द्या म्हणाली नाही.

'आत्याबाई,' मी म्हणाले, 'परत काढायला लावा. मूठ नीट फिरली नाही. मला लागलीय. मला माहीताय ना.'

'तुला कसं कळलं, पोरी?'

'मला झोप लागत नाही. जेवलेलं गोड लागत नाही. डोळे मिटले तरी तोच दिसतो. चारचौघांत बसले तरी चित्त तिकडंच असतं. लोक लग्नाचं बोलतात आणि मला वाटतं, आत्ता त्याचं तेज वाढलं असेल का उतरलं असेल.'

यातलं एक वाक्य खोटं नव्हतं. प्रबंध लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. पण आत्याबाईचा चेहरा असा पाघळला की काय सांगू. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. 'आगं माय माय,' म्हणाली, 'काढा, परत काढा.'

माय आत गेली. तिला यायला उशीर लागला. आली तेव्हा मूठ बंद होती. या वेळी तिनं कुणी न सुचवता म्हटलं, आभाळातल्या काळ्याची. निखाऱ्यांवर मूठ सोडली. मीठ तडतडलं. बारीकसा धूर निघाला आणि विरून गेला. कुणी खोकलं नाही.

आत्याबाईनं नाक पुढं करून वास घेतला. मग चुलतीकडं वळून म्हणाली, 'बघा. वासच न्हाई. केवढी लागल्ती पोरीला! पोरीचा काय दोष न्हाई बघा यात.'

आणि मी रडले. हमसून हमसून, पाटावर बसल्या बसल्या, लहान पोरीसारखी. ओट्यावर परतलेल्या बायका म्हणाल्या, उतरतीय, उतरू द्या. धाकटी धावत आली आणि माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. तिला वाटलं, अपमानानं रडतेय. तसं असतं तर आज मी ही गोष्ट रंगवून सांगितली असती, मेजवान्यांत सांगितली असती.

पण मी रडले ते सुटकेनं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, पोरीचा काही दोष नाही. इतके पाहुणे आले आणि गेले, ते माझ्या रंगामुळं नाही, उंचीमुळं नाही, जिभेमुळं नाही. लांब कुठंतरी एक झोत माझ्यावर रोखलेला होता, आणि तो आता उतरला होता. तेवढा वेळ मी ते मानलं. मनापासून मानलं. त्या झोताचा वेग किती, त्यात कोणते कण असतात, हे ज्या गावात मला एकटीला माहीत होतं, त्या गावात त्या घटकेला माझ्याइतका आत्याबाईवर कुणाचा विश्वास बसला नसेल. लाज वाटते ती याची. पाटावर बसल्याची नाही.

पाहुण्या गेल्यावर मी चुलीपाशी गेले. पाट्या-वरवंट्याच्या मागं ताटलीत मिरच्यांचा ढीग होता, सगळ्यांची देठं खुडलेली. दुसऱ्या मुठीत मायनं नुसती देठं नेली होती. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, 'आधी म्या तुला चांगली ठरवली. मंग म्याच तुला दृष्टावलेली ठरवली. आईनं करायसारखं काम न्हाई ते.' मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला बसले.

आण्णा दिवेलागणीच्या आधी आले. पाय धुतले. टॉवेलनं बराच वेळ पाय पुसत राहिले. 'झालं?' त्यांनी विचारलं. 'झालं,' मी म्हणाले. 'काय म्हणल्या?' 'गेली म्हणाल्या.' त्यांनी मान हलवली. मग टॉवेलची घडी घालत, माझ्याकडं न बघता म्हणाले, 'बरं झालं.'

लग्न जमलं म्हणून बरं झालं, असंच त्यांना म्हणायचं असणार, असं मी धरून चालले.

लग्न उन्हाळ्यात झालं, थाटात झालं. मी करवली होते. कऱ्हा घेऊन धाकटीला खेटून उभी राहिले. अंतरपाट दूर झाला तेव्हा त्या मास्तरनं तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेसाठी मी आणखी दहा वेळा पाटावर बसले असते. निघताना आत्याबाईनं माझी ओटी भरायला लावली आणि कानाशी येऊन म्हणाली, 'आता तुझं बी जमंल. जल्दी जमंल बघ.' धाकटीनं मला मिठी मारली. नुसती आवळत राहिली. बांगड्या टोचल्या मला.

मी पुण्याला आले आणि कामाला लागले. पावसाळा संपता संपता माझ्या दीर्घिकेचं तेज उतरायला लागलं. आधी वाटलं, आमच्या मोजण्यातच गडबड आहे. परत तपासलं. उतरतच होतं. सरांनी आलेख बघितला आणि म्हणाले, अशा झोतांचा हा स्वभावच आहे, नोंदी करत राहा. मला ते ठाऊक नव्हतं असं थोडंच? आणि हेही ठाऊक होतं की हे उतरणं आत्ताचं नाही. तिथून निघालेल्या लहरी इथवर यायला इतका काळ लागतो की हे सगळं घडलं तेव्हा टेंभुर्णी नव्हती, तीर्थपुरी नव्हती, मिरची तर नव्हतीच, आणि दृष्ट लागायला पृथ्वीवर माणूसही नव्हता. निरोप तेवढा आत्ता पोचत होता.

रविवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. घरी नुकताच फोन बसला होता. माय त्यात ओरडून बोलायची, आण्णा तिच्या कानाशी कान लावून उभे राहायचे. धाकटी खुशाल होती. कापसाला बोंडं धरली होती. बोलणं संपत आलं, आणि माझ्या जिभेला हाड नाहीच. मी गंमत म्हणून म्हणाले, 'माय, तो आभाळातला काळा मंदावला गं. त्याचं तेज उतरलं.'



'म्हंजे जोर कमी झाला का त्येचा?' मायनं विचारलं.

'हो. पुष्कळ कमी झाला.'

तिनं रिसीव्हर बाजूला धरला असावा. मला ऐकू आलं, 'अहो, कमी झाला म्हणती. आपल्या करण्यानं कमी झाला.' मी थांबले. आता आण्णा हसतील. आता म्हणतील, अगं वेडे, तो कधीचाच कमी झालेला असतो, आपण बघतो तो मघाचा असतो. गोठ्यात, शेणाचं टोपलं माझ्या डोक्यावर असताना, त्यांनीच शिकवलं होतं मला. मी वाट बघत राहिले. बूथच्या मीटरवर तांबडे आकडे पळत होते.

आण्णा काही बोलले नाहीत.

मग मायचा आवाज आला, हलका, घाबरत घाबरत, याआधी ती फोनवर इतकं हळू कधी बोललेली मला आठवत नाही. 'मंग पाहुणे बघू का गं आता? मामानं एक ठिकाण सांगितल्तं.'

सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं. लहरी, अंतर, काळ, सगळं जिभेवर आलं होतं.

'बघ,' मी म्हणाले.